कंपनीकडून माहिती फुटली, आता दाद कुठे मागायची? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी वाटांची तुलना

वडगावच्या एका मावशी संध्याकाळी मोबाइल घेऊन आमच्या दारात आल्या. घरी दोन यंत्रमाग, त्यांच्यासाठी एका फायनान्स कंपनीचं कर्ज. दुपारी त्यांना फोन आला होता. पलीकडच्या माणसाने कर्जखात्याचा नंबर, हप्त्याची रक्कम, हप्त्याची तारीख आणि आधारचे शेवटचे चार आकडे न अडखळता सांगितले. हप्ता परत गेलाय, दंड टाळायचा तर पाठवलेल्या लिंकवर आत्ताच भरा, म्हणाला. मावशींनी भरले. ९,४०० रुपये. "एवढं सगळं ठाऊक असणारा माणूस कंपनीचाच म्हणणार की हो आपण," त्या मला सांगत होत्या. त्यानंतर बारा दिवसांनी कंपनीचा मेसेज आला: काही ग्राहकांची माहिती बाहेरच्यांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे, सावध राहा.

मी बँकेच्या काउंटरवर नोकरी केली आणि आता गल्लीतल्या लोकांचे तक्रार अर्ज लिहून देतो. आलेला प्रत्येकजण आधी विचारतो, "कोर्टात जायचं का?" मी उलट विचारतो, तुमचं नेमकं गेलं काय? काहीही न करता खात्यातून पैसे गेले, की फसवून तुमच्याच हातून भरून घेतले, की तुमच्या नावावर भलत्यानेच कर्ज उचललं, की अजून काहीच गेलं नाही आणि फक्त माहिती फुटली? चारही प्रसंगांत दार वेगळं आहे. चुकीच्या दारात वर्ष गेलं की बरोबर दाराची मुदत कमी होते.

पैसे आपोआप गेले असतील तर सगळ्यात सोपी वाट बँकेची. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियम असा: चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसरीकडेच गळती झाली आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर तुमच्यावर एक पैसाही पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलंत तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि झिरो बॅलन्सच्या मूलभूत खात्यावर ५,००० रुपये तुम्हाला सोसावे लागू शकतात. त्यानंतर सगळं त्या बँकेच्या धोरणावर. तक्रार पोचल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा, हे बँकेवर बंधन आहे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच. म्हणून शाखेत जाऊन तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का बघून घ्या. तीन दिवस मोजायचे कसे, याच्यावरच पुढे वाद होतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. फी नाही, वकील नाही. २०२१ च्या एकात्मिक योजनेने नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ, खर्च यांच्यासाठी वेगळे एक लाखापर्यंत देववण्याचा अधिकार त्यांना दिला. आपल्या भागासाठी यात एक गोष्ट फार मोलाची आहे. चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने किंवा ईमेलने पाठवलेली तक्रार कुठल्याही भाषेत चालते. म्हणजे खानापूरच्या आजोबांनी स्वच्छ मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज तिथे घेतला जातो. कुणाला अडचण असेल तर १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

मग मावशींना लोकपालांकडे का पाठवलं नाही? कारण पिन त्यांनीच दाबला होता. त्या दिवशीच बँकेला कळवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोनही केला, पण बँकेने अपेक्षेप्रमाणे लिहून दिलं की व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केला आहे. बँकेपुरतं हे उत्तर खोडणं अवघड असतं. पण खरा प्रश्न बँकेचा नव्हताच. तो फुटलेल्या चार गोष्टींचा होता. कर्जाचा नंबर, हप्ता, तारीख, आधार हे सगळं एकत्र ज्या एकाच ठिकाणी होतं, तिथून ते बाहेर गेलं, आणि गेल्याचं त्यांना वेळेत सांगितलं गेलं नाही. हे भांडण फायनान्स कंपनीशी आहे, आणि अशा भांडणाला माझ्या मते जिल्हा ग्राहक आयोगच योग्य.

कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने बोलतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणं, ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. चोरी झाली, आम्ही काही दिली नाही, असं कंपनी म्हणाली तरी माहिती नीट न सांभाळणं ही सेवेतली त्रुटी आहे, असं म्हणणं मांडता येतं. दुसरी गोष्ट सीमाभागात फार उपयोगी पडते. पूर्वी कंपनीचं ऑफिस जिथे असेल तिथे धावावं लागायचं. आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईत असो, कर्ज कोल्हापूरच्या शाखेतून घेतलेलं असो, घर येळ्ळूरला असेल तर तक्रार बेळगावात. घर चंदगड तालुक्यात आणि नोकरी बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत असणाऱ्यांना तर कोल्हापूर आणि बेळगाव यांतलं सोयीचं निवडता येतं. निवडताना भाषेचा विचार करा. बेळगावात कामकाज कन्नड किंवा इंग्रजीत चालतं, तेव्हा मराठी मेसेज, मराठी पावत्या यांचं भाषांतर जोडावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच राहतात. मुदत दोन वर्षं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावावा. प्रत्यक्षात तारखा पडत जातात, हे मनाशी धरूनच जा. वकील सक्तीचा नाही, पण समोर कंपनीचा वकील उभा राहतो, आणि मागासाठी कर्ज घेणाऱ्यांना तो एक प्रश्न हमखास विचारतो: हे तर व्यापारी कर्ज, तुम्ही ग्राहक कसले? घाबरू नका. फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरली जात नाही, असा खुलासा कायद्यातच आहे, आणि तोच मुद्दा सेवेसाठीही मांडता येतो. घरची माणसं माग चालवतात हे प्रतिज्ञापत्रात पहिल्या दिवशीच लिहून टाका. एकाच कंपनीकडून गल्लीतल्या दहा जणांची माहिती गेली असेल तर आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने एकच तक्रारही करता येते.

पतसंस्थेचे सभासद असाल तर ही तुलना आणखी सोपी होते. निपाणी-चिक्कोडीपासून खानापूरपर्यंत गावोगाव पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था आहेत, आणि त्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांच्या कक्षेत येत नाहीत. सहकारी बँकांचंही सरसकट नाही, बिगर-अनुसूचित नागरी सहकारी बँकेच्या ठेवी ५० कोटींच्या आत असतील तर ती या योजनेबाहेर. तिथे माझ्या मते ग्राहक आयोगच बरा. सहकाराचा वेगळा कायदा आहे म्हणून आयोगात येता येणार नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच फेटाळला आहे.

आता मोठ्या वाटा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली, माहिती सांभाळण्यात हलगर्जी करणाऱ्या कंपनीकडून पाच कोटींपर्यंत भरपाई मागता येते. हे प्रकरण राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात, म्हणजे आपल्यासाठी बेंगळुरू. इथून पाचशे किलोमीटर, रात्रीची गाडी, शिवाय सायबर कायदा जाणणारा वकील. एखाद्या व्यापाऱ्याचे पंचवीस-तीस लाख गेले असतील तर जरूर जावं. ९,४०० साठी कुणाला मी ही वाट सांगणार नाही. आणि ही वाट लवकरच बंद होणार आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्याच्या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतील, आणि त्याच वेळी ४३अ रद्द होईल.

या नव्या कायद्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. २५० कोटींपर्यंत दंड हा आकडा वाचून अनेकांना वाटतं की त्यातून आपल्याला काही मिळेल. मिळणार नाही. तो दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारजमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही, आणि मला हे मनापासून खटकतं. ४३अ गेल्यावर सामान्य माणसाच्या हातातलं एक हत्यार जातं आणि बदल्यात त्याला फक्त तक्रारदाराची जागा मिळते. तरी एक फायदा खरा आहे. गळती झाली की कंपनीने प्रत्येक बाधित माणसाला विनाविलंब कळवणं बंधनकारक होईल. मावशींना तो मेसेज बारा दिवस आधी मिळाला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

पोलीस तक्रार ही भरपाईची वाट नव्हे, पण ती टाळू नका. पैसे गेल्या गेल्या १९३०, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते ती याच टप्प्यावर. मग बेळगावचं सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं पोलीस ठाणं. हे आमच्या हद्दीतलं नाही, असं कुणी म्हणालं तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे: गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते.

नावावर परकं कर्ज निघालं असेल तर या सगळ्याच्या आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा आहे. निपाणीच्या एका तरुणाला दुचाकीचं कर्ज नाकारलं गेलं तेव्हा कुठे कळलं की त्याच्या पॅनवर कुणीतरी आधीच उधारी केली आहे. चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि या कंपन्याही लोकपालांच्या कक्षेत आहेत.

दोन वाटा एकाच वेळी धरायच्या का? आयोगात प्रकरण चालू असताना त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाहीत. उलटा क्रम मात्र जमतो. लोकपालांचा निवाडा मान्य नसेल तर स्वीकृती द्यायची नाही, मग आयोगाचं दार उघडं राहतं, फक्त दोन वर्षांची मुदत डोळ्यासमोर ठेवा. म्हणून बँकेविरुद्धचं प्रकरण मी आधी लोकपालांकडे लावतो. माहिती फोडणाऱ्या कंपनीविरुद्धचं थेट जिल्हा आयोगात. आणि ज्यांचं अजून काहीच गेलेलं नाही, त्यांना कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने एक पत्र लिहायला सांगतो: माझी कोणती माहिती गेली, कधी गेली, तुम्ही काय केलंत? या पत्राचं उत्तर, किंवा उत्तर न येणं, पुढे पुरावा म्हणून लागतं.

मावशींच्या पिशवीत आता सहा कागद आहेत. कर्जाचा करार, पासबुकाचं पान, १९३० चा तक्रार क्रमांक, बँकेचं उत्तर, कंपनीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट त्यासोबतच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह, आणि कंपनीला पाठवलेल्या नोटिशीची पोस्टाची पावती. नोटिशीत आम्ही पंधरा दिवस दिलेत. सोळाव्या दिवशी आयोगात.