स्टॅटिस्टिक्सचा पीजी डिप्लोमा, सव्वा वर्षानंतर: शिकवणं उत्तम, पण परीक्षेतलं ते टेबल!

काल पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागला. 'गुणांत बदल नाही.' तीन मार्कांसाठी दोन महिने धावपळ केली, ते तीन मार्क गेले ते गेलेच. त्याचं वाईट संध्याकाळपर्यंत वाटलं. पण ज्या कारणानं गेले, ते कारण पुढच्या बॅचलाही छळणार आहे, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सविस्तर लिहायला बसले.

कोर्स म्हणजे गणित आणि संख्याशास्त्राचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, नागपुरातल्याच एका विद्यापीठाचा, संध्याकाळची बॅच. पात्रता, विषय, क्रेडिट हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते इथे उतरवत नाही. मी हिंगणा एमआयडीसीत खाद्यतेलाच्या पॅकिंग युनिटमध्ये क्वालिटी बघते. बीएस्सीला चौदा वर्षं झाली. फी माझ्या पगारातून, लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रोचं भाडंही त्यातूनच. घरी दोन शाळकरी मुलं. म्हणून जे लिहिते आहे ते पैशापैशाचा हिशेब करून.

आधी टेबलचं सांगते, म्हणजे संख्याशास्त्राच्या छापील आकड्यांच्या कोष्टकांचं.

दुसऱ्या सत्राची परीक्षा मे महिन्यात. हॉलमध्ये दोन मोठे कूलर, त्यांच्या हवेनं उत्तरपत्रिकेची पानं फडफडत होती. स्वतःचं टेबलबुक नेता येत नाही, नियम आहे, आणि तो मला मान्य आहे. टेबल तिथेच देतात. जे दिलं ते झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होतं. सहा पानं, एका कोपऱ्यात स्टेपलर मारलेला, माझ्या गठ्ठ्यात तोही नव्हता. एक पान उडून मागच्या बाकाखाली गेलं, ते पर्यवेक्षकांनी उचलून दिलं. प्रश्न काय-स्क्वेअर नावाच्या चाचणीचा होता, तीन बाय तीनचा तक्ता, म्हणजे चार डिग्री ऑफ फ्रीडम (टेबलची कुठली ओळ बघायची ते यावरून ठरतं). आठ मार्क. आकडेमोड करून माझं उत्तर आलं ९.४६. आता टेबलमध्ये चारच्या ओळीत पाच टक्क्यांखाली बघायचं आणि निर्णय लिहायचा: आपलं उत्तर तिथल्या आकड्यापेक्षा मोठं असेल तर परिकल्पना, म्हणजे तपासायला घेतलेलं गृहीतक, नाकारायची. तिथे छापलं होतं नऊ पॉइंट चार, मग एक धूसर आकडा, मग आठ. तो मधला आकडा आठ की तीन? इंग्रजी आठची डावी बाजू झेरॉक्समध्ये उडाली की तो हुबेहूब तीन दिसतो. कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला, पण कळेना.

आणि सगळा निर्णय त्या एका आकड्यावर होता. ९.४८८ असेल तर माझं ९.४६ कमी पडतं, परिकल्पना नाकारता येत नाही. ९.४३८ असेल तर नाकारावी लागते. मी शेजारच्या ओळी पाहिल्या. तीनला ७.८१५, पाचला ११.०७०. त्यांची सरासरी ९.४४. म्हणजे तीनच असणार, असं धरून मी 'नाकारली' असं लिहून मोकळी झाले. घरी येऊन स्वतःचं टेबलबुक उघडलं. ९.४८८.

आता थोडं मागे जाते, कारण नुसतं एवढंच वाचून कुणी कोर्सवर काट मारली तर ते चूक होईल.

मी प्रवेश घेतला तो एका आकड्यासाठी. आमच्या पॅकिंग लाइनवर दर तासाला पाच पाऊच काढून वजन करतात, सरासरी आणि रेंज (सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या पाऊचमधला फरक) चार्टवर मांडतात. आकडा मर्यादेबाहेर गेला की मशीन बघायचं. मर्यादा काढायला भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे: सरासरी अधिक-उणे ०.५७७ गुणिले सरासरी रेंज. कामाला लागल्यापासून तो आकडा बघते आहे. कुठून आला ते कुणालाच माहीत नव्हतं. आमचे जुने ऑपरेटर म्हणायचे, "ताई, ते आधीपासूनच हाय. काहून एवढं विचारून राहिल्या?" सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसानंही 'स्टँडर्ड आहे मॅडम' एवढंच सांगितलं. मला ते खुपत राहिलं.

पहिले दोन महिने मात्र माझा पूर्ण भ्रमनिरास झाला होता. व्हेक्टर स्पेस, मॅट्रिक्सची रँक, लिमिट, कन्व्हर्जन्स. आठ तास ड्यूटी करून सहाच्या वर्गात बसायचं आणि फळ्यावर एप्सिलॉन-डेल्टा. कॉम्प्युटर नाही, आर किंवा पायथॉनसारखी आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा नाही. प्रॅक्टिकल म्हणजे कॅल्क्युलेटर घेऊन प्रॅक्टिकल रेकॉर्डमध्ये रकाने भरायचे. मैत्रिणीला तेव्हा फोनवर सांगितलं होतं की पैसे बुडाले, दिवाळीनंतर सोडते. कुणी त्या दिवसांत मला विचारलं असतं तर मी 'घेऊ नका' असंच सांगितलं असतं.

ते मत मी परत घेते. दिवाळीनंतर जे झालं त्यामुळे.

स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोलचा तिसरा का चौथा तास असेल. सरांनी फळ्यावर लिहिलं: प्रसामान्य (नॉर्मल) वितरणातून पाच-पाचचे नमुने काढले, तर त्यांची रेंज सरासरीनं सिग्माच्या, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याच्या मापाच्या, २.३२६ पट येते. म्हणजे आपल्याला सिग्मा माहीत नसला तरी रेंजला २.३२६ नं भागलं की त्याचा अंदाज मिळतो. पाचाच्या सरासरीचा पसारा त्या सिग्माला वर्गमूळ पाचनं, २.२३६ नं, भागून मिळतो. आणि मर्यादा त्याच्या तिप्पट. तीन भागिले २.३२६ गुणिले २.२३६. कॅल्क्युलेटरवर दाबलं. ०.५७६८.

माझ्या अंगावर काटा आला. चौदा वर्षं भिंतीवर पाहिलेला आकडा माझ्या हातात तयार झाला होता. वर्गात मी एकटीच कारखान्यातली, बाकी बहुतेक बीएस्सी करून नुकतेच आलेले पोरंपोरी, त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. सरांनी मात्र माझा चेहरा ओळखला आणि पुढचा अर्धा तास वॉल्टर शुहार्टवर बोलले. १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी पहिला कंट्रोल चार्ट, म्हणजे आमच्या लाइनवर असतो तसला चार्ट, काढला, आणि आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून १९४७-४८ मध्ये ते भारतात येऊनही गेले, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले आणि चार्टची जुनी पानं काढली. रात्रपाळीत माणसं कमी म्हणून तिथे पाचाऐवजी चारच पाऊच घेत होते. गुणक मात्र भिंतीवरचाच, ०.५७७. चाराला तो ०.७२९ लागतो. रात्रीची सरासरी रेंज साडेतीन ग्रॅम, म्हणजे मर्यादा हवी होती अडीच ग्रॅमच्या थोडी वर आणि लावत होते दोन ग्रॅम. मशीन ठीक असताना हजारात तीनदा वाजायला हवी ती घंटा शंभरात जवळजवळ दोनदा वाजत होती. दरवेळी ऑपरेटर नोझल फिरवायचा, आणि नसलेली चूक दुरुस्त करता करता खरी चूक करून ठेवायचा. सकाळपाळीला पहिला तास मशीन परत बसवण्यात जायचा, त्यावरून दोन्ही पाळ्यांत कायमची धुसफूस. आता भिंतीवर दोन कागद आहेत, पाचाचा वेगळा, चाराचा वेगळा. माझी फी तिथेच वसूल झाली असं मी मानते. कंपनीला त्याचं काय वाटलं ते वेगळं.

तीच गत कॅल्क्युलेटरच्या प्रॅक्टिकलची. हातानं रकाने भरताना आकडा डोळ्यांत बसतो. कुठला मोठा, कुठला विचित्र, हे कळतं. दुसऱ्या सत्रात आर शिकवलं, तेही घाईघाईत, सहा मशीनवर अठरा जण. तिथे मी मार्क कापीनच. पण आरनं दिलेलं उत्तर चुकीचं वाटतंय हे ज्यांना लगेच कळत होतं, ते रकाने नीट भरलेलेच विद्यार्थी होते.

नमुना निवडीचा पेपर मला सगळ्यात जवळचा वाटला, त्याचं कारण काटोलचं आमचं शेत. पीक कापणी प्रयोग हा शब्द विदर्भात पीकविम्यामुळे घरोघरी माहीत आहे. सर्कलमध्ये कुणाच्या शेतात, किती चौकोन आखला आणि किती उतारा निघाला, यावरून भांडणं होतात. पण त्या चौकोनाच्या आकारावर आपल्याकडे मोठा शास्त्रीय वाद झाला होता हे वर्गात कळलं. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूनं होते, ते स्वस्त पडतात म्हणून. दुसरे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उतारा फुगतो. काठावरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की माणूस ते आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका काठ जास्त. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर हाय. कापणारा झाड सोडतच नाही." उतारा फुगला की भरपाई घटते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

इतकं चांगलं शिकवणारी माणसं ज्या विभागात आहेत, तिथे परीक्षेला टेबल असलं द्यावं, हे मला अजूनही पटत नाही. याच वर्गात आम्हाला शिकवलं की मोजमापाचं साधन सदोष असेल तर पुढचं सगळं गणित व्यर्थ. आमच्या कारखान्यात वजनकाट्याला सील नसेल तर लाइन बंद करतात. परीक्षेत टेबल हाच विद्यार्थ्याचा वजनकाटा आहे.

भांडण कसं झालं तेही सांगते, पुढच्यांना उपयोगी पडेल. आधी विभागाच्या कार्यालयात गेले. "मॅडम, टेबल परीक्षा विभाग देतो." परीक्षा विभागात गेले. "प्रश्नपत्रिकेत चूक असेल तर सांगा, टेबल प्रश्नपत्रिकेत येत नाही." मग उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. तिच्यात माझी आकडेमोड सगळी बरोबर, ९.४३८ भोवती लाल गोल, निष्कर्षावर फुली. पाच मार्क. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला मी हॉलमध्ये दिलेलं टेबल जोडू शकले नाही, कारण ते परत घेतात. माझ्याकडे पुरावाच नव्हता. दोन्हींचे मिळून पाचशे चाळीस रुपये गेले, शिवाय दोन अर्ध्या रजा. म्हणून सांगते, टेबलमध्ये काही धूसर दिसलं तर त्याच क्षणी पर्यवेक्षकांना दाखवा आणि उत्तरपत्रिकेत एक ओळ लिहून ठेवा: 'पुरवलेल्या टेबलमध्ये आकडा अस्पष्ट.' मी तेवढं केलं असतं तर माझी बाजू कागदावर राहिली असती.

सरांना भेटले तेव्हा मात्र मला आणखी एक तास फुकट शिकायला मिळाला. मी म्हटलं, शेजारच्या ओळींची सरासरी ९.४४ येत होती, मग मी तरी काय करणार? त्यांनी कागद ओढला. म्हणाले, डिग्री वाढतात तसे हे आकडे सरळ रेषेत वाढत नाहीत, वाढीचा वेग हळूहळू कमी होतो, रेष वर फुगते. म्हणून मधला आकडा नेहमी सरासरीच्या थोडा वरच असणार. आणि डिग्री सम असेल तर टेबलची गरजच नाही! चाराला साधं सूत्र आहे, एक्सपेक्षा मोठं उत्तर निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता त्यातून थेट मिळते: एक्सचा अर्धा घ्या, ई चा तेवढा उणे घात काढा, आणि त्याला 'एक अधिक तो अर्धा' यानं गुणा. ९.४८८ चा अर्धा ४.७४४. कॅल्क्युलेटरवर दाबलं, ०.०५००. मग ९.४३८ घालून पाहिलं, ०.०५१०. माझं स्वतःचं ९.४६ घातलं, ०.०५०६. पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे नाकारायची नव्हती. परीक्षेत चालणाऱ्या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम. हे परीक्षेआधी शिकवलं असतं तर, असं मी बोलून गेले. सर गप्प राहिले, मग म्हणाले, "यंदापासून शिकवतो." ते या बॅचला शिकवतीलच, त्यांचा शब्द मी ओळखते.

यंदाच्या २९ जूनला, महालनोबिसांच्या जयंतीला, विभागात सांख्यिकी दिन झाला. मोठा बॅनर, दोन भाषणं, चहा-समोसे. चांगला कार्यक्रम होता, मी ड्यूटी बदलून गेले होते. तेव्हाच मनात आलं की त्या बॅनरच्या पैशात टेबलचे पन्नास स्वच्छ संच छापून झाले असते.

घ्यावा का? नोकरीत रोज आकडे हाताळत असाल आणि ते कुठून येतात हे तुम्हाला खुपत असेल तर जरूर घ्या, पहिले दोन महिने दात-ओठ खाऊन काढा. डेटा सायन्समध्ये लगेच नोकरी हवी म्हणून घेत असाल तर इथे ते मिळणार नाही. संध्याकाळच्या बॅचला हजेरीची सवलत नाही, पंच्याहत्तर टक्के म्हणजे पंच्याहत्तर. लायब्ररी साडेसातला बंद होते, म्हणजे वर्ग सुटायच्या आधीच.

गेल्या महिन्यात मी स्वतः टेबल टाइप केलं. झेड, टी, काय-स्क्वेअर, एफचं पाच आणि एक टक्का, सगळं मोठ्या टाइपात, सहा पानांत. काय-स्क्वेअरच्या सम ओळी सरांच्या सूत्रानं तपासल्या, बाकीचं दोन छापील पुस्तकांशी ताडून पाहिलं. त्याची प्रत अर्जासोबत विभागात दिली, पोचपावतीवर शिक्का घेतला. पुढच्या बैठकीत ठेवतो असं सांगितलंय. डिसेंबरच्या परीक्षेला जे बसतील त्यांना एक विनंती आहे. हॉलमध्ये टेबल हातात आलं की चारच्या ओळीत काय छापलंय ते बघा आणि मला कळवा.