तीन निर्माते, एक टेम्पो : तारखांच्या सॉफ्टवेअरचा सात महिन्यांचा अनुभव

मी तीन नाटकांचा व्यवस्थापक. निर्माते तीन, कुणी कुणाचं ऐकत नाही. पण लाइट ऑपरेटर एकच, सेटचा टेम्पो एकच, आणि एका नाटकातला नायक दुसऱ्यात सासरा. डायरी आणि फोनवर वर्षानुवर्षं चाललं. जानेवारीत एक शेड्यूलिंग सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्याच्याबद्दल नाहीच.

आधी चांगलं सांगतो. रविवारी दुपारी ४ला दादरच्या शिवाजी मंदिरला प्रयोग आणि रात्री ८.३०ला ठाण्यात गडकरीला दुसऱ्याचा. मधल्या वेळात पहिला सेट उतरवायचा, गोदामात टाकायचा, दुसरा भरायचा, घाटकोपरचं ट्रॅफिक काढायचं. हे मी मनात मांडायचो आणि दर दोन महिन्यांनी तोंडावर पडायचो. आता सेट काढायचा नि प्रवासाचा वेळ एकदा भरून ठेवलाय, तारीख टाकली की लगेच लाल होते. एवढ्यावरच पैसे वसूल.

घोडं अडलं प्राधान्याच्या रकान्यात. प्रत्येक नाटकाला ० ते १००० आकडा द्यायचा. टक्कर झाली की कमी आकड्याचं नाटक मागे सरकतं. यात गृहीत असं की वर एक मालक बसलाय. इथे तिघांनीही सांगितलं, "आमचं हजार टाका." तिघांना हजार काय, तिघांना शून्य काय, सारखंच. आणि खरी माहिती कुणी देत नाही. बुकिंग थंड असलं तर निर्माता मनातून तारीख सोडायला तयार असतो, पण ते दुसऱ्याला कसं कळू देणार?

एप्रिलपासून मग मी माझ्या शीटवर गुणांचा खेळ सुरू केला. तिमाहीला प्रत्येकाला १०० गुण. टक्कर असलेल्या तारखेसाठी बुधवारपर्यंत मला एकट्याला बोली पाठवायची. सर्वात मोठी बोली जिंकते, पण गुण कापले जातात दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. उरलेल्यांनी बाहेरचा माणूस आणायचा किंवा तारीख परत करायची. १ मेला बोल्या आल्या ४०, २५ आणि १०. चाळीसवाल्याचे पंचवीसच गेले. कल्पना माझी नाही. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने ती १९६१ मध्ये मांडली, १९९६ मध्ये नोबेल मिळालं आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत बिचारा गेला. मर्म असं की आपण किती देणार ते आपल्या बोलीवर ठरत नाही, म्हणून बोली मुद्दाम कमी करण्यात फायदा नाही. मे महिन्यात एका निर्मात्याने चक्क २ची बोली पाठवली. त्याचं बुकिंग थंड होतं हे मला न विचारता कळलं.

पण घोळही झाले. सुरुवातीला मी टेम्पो आणि ऑपरेटर यांची बोली वेगवेगळी घेतली. एकाला टेम्पो मिळाला, दुसऱ्याला ऑपरेटर, आणि दोघांचेही गुण पाण्यात. सेट आहे पण लाइट नाही, लाइट आहे पण सेट नाही. त्यानंतर दोन्ही एकाच गठ्ठ्यात. दुसरं, जूनच्या शेवटी गुण बाद होणार म्हणून तिघांनी उरलेसुरले सगळे ओतले, तेव्हा त्या आकड्यांना काही अर्थच उरला नाही. जुलैपासून निम्मे गुण पुढे नेऊ देतोय. तिसऱ्या घोळाची मला भीती आहे: दोघांनी आपसात ठरवून १-१ची बोली लावली तर माझ्याकडे उपाय नाही.

सासऱ्याचं काम करणाऱ्या आमच्या नटाच्या मालिकेचं शूटिंग मात्र ना सॉफ्टवेअरमध्ये बसतं ना गुणांत. त्यांचा कॉल टाइम आदल्या रात्री येतो. तिथे अजून फोन करून हातापायाच पडावं लागतं.

तुमची चार नाटकं असतील आणि निर्माता एकच असेल, तर सॉफ्टवेअर बिनधास्त घ्या, गुणबिण करत बसू नका. मी वर्गणी पुन्हा भरली आहे. प्राधान्याचा रकाना मात्र लपवून ठेवलाय, निर्माते माझ्या खांद्यावरून बघतात.