कोल्हापूरचा दसरा चौक: अण्णासाहेब लठ्ठ्यांच्या खुणा बघायला जाताय?

जागा उत्तम, माहितीची सोय मात्र स्वतःच करावी लागते. लठ्ठ्यांशी जोडलेलं दिगंबर जैन बोर्डिंग (विद्यार्थ्यांचं वसतिगृह) १९०१ चं, जवळच १९०६ चं मुस्लिम बोर्डिंग. शाहू महाराजांची समाजासमाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांची कल्पना पायीच समजते. अण्णासाहेब लठ्ठे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या (१८९९) उभारणीतले, पुढे कोल्हापूरचे दिवाण, १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. हे आधी वाचून जा, नाहीतर नुसत्या इमारतीच दिसतील. बोर्डिंगात पोरं राहतात, तेव्हा ऑफिसात विचारूनच आत शिरा. सकाळी लवकर जा. विजयादशमीला संध्याकाळी सोनं लुटायला अख्खं कोल्हापूर इथंच लोटतं. त्या दिवशी बोर्डिंग बघायचा बेत ठेवूच नका.