उजनी ओलांडून कामाला: डिझेल होडी, पेट्रोल इंजिन की बॅटरी?

भाच्याला लोणी देवकरच्या एमआयडीसीत काम लागलं. गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. रस्त्याने जायचं तर टेंभुर्णीचा नाहीतर भिगवणचा वळसा. पाण्यातून तिरकं गेलं तर सहा किलोमीटर आणि पुढे पलीकडच्या काठावर ठेवलेली मोटारसायकल. शेजारची दोन पोरं त्याच पाळीला आहेत. लाँचच्या वेळा पाळीशी जमत नाहीत, म्हणून तिघांत मिळून होडी घ्यायचं चाललंय.

"मामा, चाळीस एचपीचं जुनं इंजिन स्वस्तात मिळतंय." पहिला फोन हा. मी नको म्हणालो.

होडीचा वेग इंजिनापेक्षा तिच्या लांबीवर ठरतो. अठरा-वीस फुटी होडी ताशी १०-११ किलोमीटरपर्यंत पाणी कापत जाते. त्याहून जोरात न्यायची तर ती पाण्यावर उचलली जावी लागते, आणि सगळं तेल त्या उचलण्यात जळतं. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशोब असा, की पूर्ण रेस दिली तर दर १० एचपीला तासाला चारेक लिटर. म्हणजे चाळीसचं इंजिन तासाला पंधरा लिटर पिणार. दहा मिनिटांत पोचवेल, पण एका खेपेला अडीच लिटर घेऊन. पगार एमआयडीसीचा आहे, साखर कारखान्याच्या चेअरमनचा नाही.

त्याच सहा किलोमीटरला हलक्या फायबर होडीवर ९.९ एचपीचं फोर स्ट्रोक इंजिन लावा. ताशी १० ने गेलात तर ३६ मिनिटं आणि अंदाजे पाऊण ते एक लिटर. ८ ने गेलात तर ४५ मिनिटं आणि अर्धा-पाऊण लिटर. नऊ मिनिटं आधी निघालं की तेलाचा पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. जुनं टू स्ट्रोक स्वस्त मिळतं, पण पेट्रोल बरंच जास्त खातं आणि वर ऑइल मिसळत बसायचं. रोजच्या कामाला ते घेऊ नये.

डिझेलवाले म्हणतील, आमचं इंजिन कमी खातं. खरं आहे. तेवढ्याच कामाला डिझेल पेट्रोलच्या दोन-तृतीयांश लागतं आणि दुरुस्तीला पंपाचं इंजिन खोलणारा कुठलाही मिस्त्री चालतो. गावाकडे ही मोठी गोष्ट आहे. पण होडीत बसवतात ते पंपाचं डिझेल इंजिन शंभर-दीडशे किलोच्या घरात, जुनं असेल तर अजून जड. ते पेलायला पत्र्याची होडीही जाड हवी. वाचलेलं डिझेल ते वजन ओढण्यात जातं. दहा माणसं, चाऱ्याच्या पेंढ्या, मोटारसायकल असं सगळं न्यायचं असेल तर डिझेलच घ्या. तिघांच्या डब्यांसाठी नको.

बॅटरीचं मला आकर्षण आहे, कबूल करतो. केरळात वैकमला २०१७ पासून ७५ प्रवाशांची सौर बोट चालतेय. पण तिथे कायमचा धक्का आहे, आपल्याकडे काठच सरकतो. हिशोब सांगतो: ताशी ८ ने जायला अडीच किलोवॅट धरा, जाऊन-येऊन पावणेचार युनिट. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत पावणेपाच युनिट मावतात. समोरून वारा आला की हे गणित कोलमडतं, म्हणून दोन बॅटऱ्या लागतात. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या घेतल्या तर तेवढ्याच क्षमतेचा संच सव्वाशे किलोचा, आणि निम्म्याच्या खाली उतरवला की लवकर मरतो. विजेचा खर्च मामुली, पण सुरुवातीचा पैसा मोठा. काठावर रात्रीची लाईट खात्रीची असेल तरच हा विचार करा.

आता मे महिन्यातली अडचण. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. पातळी त्या मृतसाठ्यात उतरली, म्हणजे धरण मायनसमध्ये गेलं, की पाणी काठापासून लांब पळतं आणि मधे गुडघाभर गाळ उरतो. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तशा बुडालेल्या गावांच्या भिंती आणि बाभळीची खोडंही होडीच्या पंख्याच्या पातळीवर येतात. शिवाय जाळी. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः कंबरभर पाण्यात उभा राहून पंख्यात गुंतलेलं नायलॉनचं जाळं विळ्याने कापत होतो. एकेक धागा गरम होऊन वितळून दांड्याला चिकटलेला. तासाभराने निघालं तर पंखा दांड्यावर धरून ठेवणारी पिन तुटलेली, आणि दुसरी जवळ नव्हती. वल्हं मारत घरी. होडीच्या मागे लावायचं पेट्रोल इंजिन अशा वेळी उचलून घेता येतं, ४०-४५ किलोचं असल्याने दोघं खांद्यावर घरीही नेतात. डिझेलचा पंखा तळातून काढलेला असेल तर होडीच ओढावी लागते.

वाऱ्यासमोर मात्र तिन्ही सारख्याच. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उन्हाळी संध्याकाळी आभाळ काळवंडलं तर होडी सोडायची नाही, पलीकडेच मुक्काम. होडीच्या काठाची उंची बघून ती घ्या. तिघं बसल्यावर तो पाण्यापासून दीडच वीत वर राहत असेल तर ती फक्त मासेमारीची. लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगात. यांत्रिक होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी लागते, तीही करून घ्या.

भाच्याला सांगितलं ते असं: वीस फुटी फायबर, रुंदीला बेताची, काठ उंच, त्यावर नवं ९.९ फोर स्ट्रोक, आणि अर्धी रेस. मोटारसायकल पलीकडेच ठेवायची. तो म्हणाला, "आणि पिन?" चार घे म्हटलं, दोन होडीत आणि दोन डब्याच्या पिशवीत.