गावच्या घरासाठी कुठलं सिम? आधी मालक बघा

पणजीत कुठलंही सिम चालतं. खरी परीक्षा चतुर्थीला, सत्तरी तालुक्यातल्या गावी घरी गेल्यावर. आमच्याकडे रेंज तुळशी वृंदावनाच्या डाव्या बाजूला मिळते, तीही फोन हातात उंच धरून स्पीकरवर बोललात तर. त्यामुळे ‘पोर्ट करू का?’ म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू का, असं कुणी विचारलं की मी प्लॅनच्या आधी मालकी काढतो.

कारण दुकानात नावं कितीही दिसोत, मालक मोजकेच उरलेत. एअरसेल आणि अनिल अंबानींची रिलायन्स दिवाळखोरीत गेल्या. टाटा डोकोमोचे ग्राहक २०१९ मध्ये एअरटेलकडे आले. आपल्याकडची गंमत तर वेगळीच. मोबाइल परवान्यांसाठी देशाचे जे विभाग, म्हणजे सर्कल, पाडलेत, त्यांत गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो, आणि इथे सुरुवातीचा सामना होता बीपीएल विरुद्ध बिर्ला एटी अँड टी. दुसरीत टाटा शिरल्यावर बाजारात तिचं नाव पडलं ‘बटाटा’! पुढे बीपीएल हचमार्गे व्होडाफोन झाली, बटाट्याची आयडिया झाली, आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला दोघी एक झाल्या. एक बंद पडलं तर दुसरं चालेल म्हणून खिशात दोन्ही सिम ठेवणाऱ्यांकडे मग एकाच कंपनीची दोन सिम उरली.

आता उरले चार. जिओ आणि एअरटेल यांत शहरापुरता फरक किरकोळ; गूगलचा थोडाफार हिस्सा तर दोन्हींत आहे. गावाकडे मात्र एक गोष्ट निर्णायक ठरते: जिओकडे टूजी नाहीच. आईचा जुना बटणांचा फोन टूजीवरचा असेल तर जिओचं सिम त्यात घालून उपयोग नाही, फोरजीचा नवा फोन घ्यावा लागेल. एअरटेलचं चालेल.

व्हीआय म्हणजे तीच व्होडाफोन-आयडिया. कंपनीकडच्या सरकारी थकबाकीच्या बदल्यात शेअर घेत घेत केंद्र सरकारचा वाटा २०२५ मध्ये ४८.९९ टक्क्यांवर गेला. कारभार मात्र बिर्ला आणि व्होडाफोनकडेच आहे. म्हणजे बीएसएनएल पूर्ण सरकारचं आणि व्हीआय जवळपास निम्मं. कंपनी बुडेल या भीतीने पळायचं कारण मला दिसत नाही. पण पैशांची ओढाताण असलेली कंपनी आपल्या वाड्यावर नवा टॉवर आधी उभारेल, असंही वाटत नाही.

बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोरजी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले, तेव्हा यांनी वाढवले नव्हते. व्हिडिओ बघण्यासाठी मी ते घेणार नाही, दुसरं सिम म्हणून जरूर घेईन.

दुसऱ्या सिमचीही एक मेख आहे. एअरटेल आणि व्हीआय दोघांचे अँटेना बऱ्याच ठिकाणी इंडस टॉवर्सच्या एकाच मनोऱ्यावर असतात, आणि ती इंडसही आता एअरटेलच्या ताब्यात आहे. पावसात वीज गेली आणि त्या मनोऱ्याची बॅटरी संपली, की दोन्ही सिम एकदमच मुकी. म्हणून जोडी एअरटेल-बीएसएनएल किंवा जिओ-बीएसएनएल अशी लावा.

पोर्टिंग सोपं आहे. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, मग एक जागा सोडून आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करा. आलेला कोड नव्या कंपनीच्या दुकानात द्या; तो चार दिवस चालतो, काम कामकाजाच्या तीन दिवसांत होतं. मुंबईचा नंबर असेल तर सर्कल वेगळं, म्हणून पाच दिवस. पण एकदा गेलात की ९० दिवस तिथेच अडकलात. तेव्हा घाई नको. आधी शेजाऱ्याचा त्या कंपनीचा फोन मागून घ्या, स्वयंपाकघरात उभं राहून कॉल लावून बघा. आणि वीज गेल्यावर दोन तासांनी पुन्हा एकदा लावा.