हात वर की चिठ्ठी?

कडक भाकरीचं यंत्र कर्जावर घ्यायचं का? सोलापुरातल्या पंधरा जणींच्या बचत गटाला आधी हेच ठरेना, की मत हात वर करून घ्यावं की चिठ्ठीवर.

वेळेत हात जिंकतो, मिनिटात मोजणी. चिठ्ठ्यांना दहा मिनिटं. खर्च दोन्हीकडे नगण्य.

खरी गोम खरेपणात. अध्यक्षबाईंचा हात वर गेला की बाकीचे त्याकडे बघून उठतात. 1950च्या दशकातल्या मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या प्रयोगांत कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं होतं, आणि ते स्पष्ट दिसत होतं. तरी आधीच शिकवून ठेवलेले बाकीचे एकमुखाने चुकले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं त्यांच्याच मागे गेली. उत्तर लिहून घेतल्यावर हे बरंच घटलं.

चिठ्ठीही फसते, कारण अक्षर ओळखू येतं. एकाच वहीचे कागद, एकाच रंगाचं पेन, फक्त बरोबर किंवा फुली. आणि चर्चेआधीच एकदा मत घ्या. ‘ताईंना जास्त कळतं’ म्हणून वळलेलं मत मात्र गुप्ततेनं परतत नाही.

बैठकीचा वार ठरवायला हात पुरे. कर्ज, पदाधिकारी, हिशेबाची तक्रार असेल तर चिठ्ठीच. लिहिता न येणाऱ्या असतील तर प्रत्येकीला एक शेंगदाणा, एक खडा द्या. होकाराला दाणा, नकाराला खडा, मूठ झाकून पिशवीत. उरलेलं दुसऱ्या पिशवीत, तसंच झाकून.