इफेक्टलिब: सिंधुदुर्गाच्या लाटा, शिमग्याचा होम आणि काही महिन्यांचा वापर

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळाचा आमचा सर्व्हर छोटा. मालवण, देवगड, कणकवली आणि कामाधंद्याला मुंबईत गेलेली इकडचीच मंडळी, एवढेच खेळाडू. त्यावर आम्ही सिंधुदुर्ग किल्ला उभारतोय, तोच, ज्याचं बांधकाम १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सुरू करवलं. तट, बुरूज, विहिरी हे सगळं ठोकळ्यांत छान बसतं. लाटांचा फेस, धूर आणि ठिणग्या मात्र ठोकळ्यांत येत नाहीत. त्यासाठी खेळात पार्टिकल, म्हणजे हवेत दिसणारे बारीक कण, असतात. म्हणून पेपर सर्व्हरसाठी (माइनक्राफ्टचं प्लगइन चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) स्वतःचं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहिलं आणि त्यात इफेक्टलिब ही कणांचे आकार काढणारी मोफत जावा लायब्ररी घेतली. गेल्या पावसाळ्यापासून ती रोज वापरात आहे.

मत आधीच सांगतो. आकार आणि वेळ सांभाळायला ही लायब्ररी उत्तम आहे. एका जागी कणांचा झुबका उडवायचा असेल तर तिची काहीच गरज नाही.

झुबक्याची सोय बुकिट एपीआयमध्ये (प्लगइन ज्यातून सर्व्हरशी बोलतात ते कमांडचे संच) माइनक्राफ्ट १.९ पासूनच आहे. जागा, प्रकार, संख्या आणि पसारा दिला की झालं. तटावर आपटणाऱ्या लाटेचा फेस मी असाच करतो. तीस-चाळीस कण, थोडा पसारा, एकच कॉल, आणि प्रत्येक खेळाडूला त्याचं एकच पॅकेट. इथे लायब्ररी आणणं म्हणजे उगाच भार.

आकार हवा असला की गोष्ट बदलते. सर्व्हर सेकंदाला २० टिक, म्हणजे खेळाचे ठोके, चालतो, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी एक. गोल फिरत वर चढणारी ज्वाळा हवी, तर प्रत्येक टिकला साइन-कोसाइन काढा, शेड्युलर चालवा, वेळ संपली की थांबवा, खेळाडू चालत असेल तर त्याच्या मागे जा, आणि जवळपास कोणी नसेल तर पाठवूच नका. ही सगळी हमाली इफेक्टलिब करते. इफेक्टचा ऑब्जेक्ट बनवायचा, त्याला जागा किंवा एंटिटी (खेळाडू, प्राणी वगैरे) द्यायची, पिरियड (दोन फेऱ्यांमधले टिक) २ आणि इटरेशन्स (एकूण फेऱ्या) २०० ठेवायचे. झाले ४०० टिक, वीस सेकंद. गणित मुख्य थ्रेडच्या (सर्व्हरच्या मुख्य कामाच्या ओळीच्या) बाहेर चालवता येतं. संपल्यावर काय करायचं त्याचा कोड, म्हणजे कॉलबॅक, देता येतो, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

शिमग्याला सर्व्हरवर होम पेटवला तेव्हा हे नीट जुळून आलं. मधोमध व्होर्टेक्स (भोवरा) इफेक्ट, कण ज्वाळेचे. तो संपला की कॉलबॅकमधून सिग्नल फायरचा, म्हणजे कॅम्पफायरचाच उंच जाणारा, धूर, आणि धूर वर गेला की फटाक्यांचे कण. ओळीने तीन इफेक्ट, मध्ये एकही टायमर मी लिहिलेला नाही. पण देवगडच्या एका पोराने लगेच विचारलं, "दादा, धूर दिसता, पण आग खंय?" त्याचा लॅपटॉप जुना, पार्टिकल सेटिंग किमानवर. त्या सेटिंगला बहुतेक कण गळतात. कॅम्पफायरच्या धुराला मात्र खेळातच सूट आहे, तो दिसत राहतो. हा लायब्ररीचा दोष नव्हे, पण प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा मुद्दा आहे. जे दिसायलाच हवं ते केवळ कणांवर सोडू नये. आता होमाच्या बुडाशी खरे पेटते कॅम्पफायर ठोकळे आहेत, कण फक्त वरची शोभा.

माझा सगळ्यात आवडता भाग इक्वेशन इफेक्ट. थंडीच्या दिवसांत आपल्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटा निळसर चमकतात, नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवामुळे. ते मला किल्ल्याभोवती हवं होतं. १.१७ मध्ये चमकणाऱ्या स्क्विडबरोबर आलेला ग्लो हा कण निळसर-हिरवा आहे, रात्रीच्या पाण्यावर अगदी शोभतो. या इफेक्टमध्ये एक्स, वाय, झेड यांची समीकरणं नुसती मजकूर म्हणून लिहायची, आणि इफेक्ट थेट यॅमल फाइलमधून (साध्या मजकुराची सेटिंग फाइल) सुरू करता येतो. त्यामुळे कोडिंगचा गंध नसलेला माझा मित्र लाटेची उंची आणि लांबी स्वतः बदलतो, सर्व्हरवर बघतो, परत बदलतो. मला प्लगइन पुन्हा बिल्ड करावं लागत नाही. एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा मी ही लायब्ररी घेईन.

आता देवनागरीबद्दल, कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. टेक्स्ट इफेक्ट आधी जावाच्या फॉन्टने अक्षरांचं चित्र काढतो आणि मग त्यातल्या पिक्सेलच्या जागी कण ठेवतो. लिनक्स सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसेल तर "शिमगो इलो" ऐवजी हवेत चौकोन तरंगतात. नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित बसवा आणि कोडमध्ये तोच फॉन्ट नावाने द्या, मग शि-ची वेलांटीसुद्धा बरोबर जागी येते. दुसरी गोष्ट स्टेपची, म्हणजे किती पिक्सेलमागे एक कण ठेवायचा त्याची. कण कमी करायला उभा स्टेप २ केला की एकाआड एक ओळ गाळली जाते. फॉन्ट लहान असेल तर शिरोरेघ एकाच पिक्सेलची असते, आणि नेमकी तीच ओळ गाळली गेली तर अक्षरं विस्कटलेल्या दातांसारखी लोंबतात. फॉन्ट मोठा घ्या, मग स्टेप वाढवा. नीट जमलं की शिरोरेघेची सलग उजळ रेघ इतकी देखणी दिसते की रोमन अक्षरं तिच्यापुढे फिकी वाटावीत.

खर्चाचा हिशेब मात्र स्वतः करा. आकार काढताना लायब्ररी एकेक बिंदू वेगळा पाठवते, म्हणजे कणागणिक एक पॅकेट, आणि तेही प्रत्येक खेळाडूला. मी वापरतो त्या आवृत्तीत फाउंटन (कारंजं) इफेक्ट जसाच्या तसा चालवला तर १० धारा, प्रत्येकीत १५० कण, वर तोटीचे २००. एका फेरीला १७००, आणि पिरियड २ असल्याने सेकंदाला १७ हजार. पावसात इथली फायबर तुटली की अर्धे खेळाडू मोबाइल हॉटस्पॉटवर येतात, त्यांना हे झेपणार नाही. मी धारा ६ आणि प्रत्येकीत २० कण ठेवले, तोटीचे ३० आणि पिरियड ४. सेकंदाला साडेसातशे. कारंजं तितकंच चांगलं दिसतं. दिसण्याची मर्यादाही कमी केली आहे, तटाच्या पलीकडच्या माणसाला आतलं कारंजं कशाला पाठवायचं?

आवृत्त्यांचं एक. माइनक्राफ्ट १.२०.५ नंतर बुकिटमधली कणांची नावं बदलली. रेडस्टोनचं डस्ट झालं, व्हिलेजर हॅपीचं हॅपी व्हिलेजर. नेटवरची जुनी उदाहरणं उचलताना हे तपासा, आणि सर्व्हर चढवाल तेव्हा लायब्ररीही चढवा. जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांवर एकच प्लगइन चालवायचं असेल तर एक्ससिरीज ही दुसरी लायब्ररीही बघा, त्यातही आकार आहेत.

प्लगइनची बांधणी (बिल्ड) करताना लायब्ररी आपल्याच जारमध्ये (प्लगइनच्या तयार फाइलमध्ये) घाला आणि मेव्हन या बिल्ड साधनाच्या शेड प्लगइनने तिचं पॅकेज नाव बदलून घ्या. नाहीतर दुसऱ्या प्लगइनने तीच लायब्ररी वेगळ्या आवृत्तीत आणली की दोघांची टक्कर होते. प्लगइन बंद होताना इफेक्ट मॅनेजरवर (लायब्ररीतला सगळे इफेक्ट सांभाळणारा भाग) डिस्पोज बोलवा. आणि न संपणारे इफेक्ट रीस्टार्टनंतर आपोआप परत येत नाहीत, त्यांच्या जागा स्वतः फाइलमध्ये जपून ठेवाव्या लागतात. आमच्या होमाची, कारंज्याची आणि लाटांची जागा एकाच यॅमलमध्ये आहे, सर्व्हर उठला की प्लगइन ती वाचून सगळं पुन्हा सुरू करतं.